कोल्हापुरात डीकनकडे आध्यात्मिक मार्गदर्शनाला जाताना

कोल्हापुरात डीकन, म्हणजे कॅथलिक चर्चमधला धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक, शोधायचा तर आधी चर्च नीट शोधावं लागतं. रिक्षावाल्याला नुसतं ‘चर्चला सोडा’ म्हणालात तर तो बहुधा एखाद्या प्रोटेस्टंट चर्चच्या दारात उतरवेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. १८५२ मध्ये रॉयल वायल्डर हा अमेरिकन मिशनरी इथे आला, त्याच्या मागोमाग प्रेस्बिटेरियन मिशनचं काम उभं राहिलं, आणि इथली जुनी मराठी ख्रिस्ती घराणी बहुतेक त्याच परंपरेतली आहेत. कॅथलिक त्या मानाने थोडे. प्रोटेस्टंट मंडळ्यांतही डीकन असतात, पण ते मंडळीने निवडलेले गृहस्थ. आपली नोकरी सांभाळून चर्चचा हिशेब आणि गोरगरिबांची मदत बघतात. कॅथलिक डीकनला बिशपांनी मस्तकावर हात ठेवून दीक्षा दिलेली असते. डीकन, धर्मगुरू, बिशप या तीन दीक्षांपैकी ही पहिली. तेव्हा पत्ता विचारताना ‘कॅथलिक चर्च’ एवढं स्पष्ट विचारा आणि रविवारची मराठी मिस्सा (मुख्य उपासना) किती वाजता असते तेही तिथेच विचारून घ्या.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आलेले, शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेले, किंवा जन्मापासून इथलेच पण आध्यात्मिक मार्गदर्शन हे शब्द फक्त मिस्सानंतरच्या सूचनांत ऐकलेले, अशांसाठी हे लिहितोय. ख्रिस्ती नसलात तरी डीकनशी बोलायला कुणाची आडकाठी नाही. बाप्तिस्म्याची तयारी हा वेगळा, लांबचा रस्ता आहे. देवाविषयी कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, एवढ्यावरून कुणी तुम्हाला त्या रस्त्याला लावणार नाही. लावू लागलं तर सरळ नाही म्हणा.

समोरचा कोण आहे ते ओळखा

मिस्सात डीकन ओळखणं सोपं. धर्मगुरूंचा स्टोल, म्हणजे उपासनेतला लांब पट्टा, गळ्यातून दोन्ही बाजूंनी सरळ खाली येतो. डीकनचा डाव्या खांद्यावरून तिरका, उजव्या कमरेकडे जातो. बायबलमधलं शुभवर्तमान तो वाचतो, कधी प्रवचनही करतो, आणि शेवटी ‘शांतीने जा’ म्हणून लोकांना निरोप देणं हे त्याचंच काम. हाक मारताना ‘डीकन’ म्हणा. आपल्याकडे सेमिनरीतल्या (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या) मुलांना ‘ब्रदर’ म्हणायची सवय असते, ती दीक्षेनंतरही सुटत नाही. उलट काही आज्या त्याला आधीच ‘फादर’ करून टाकतात. दोन्हींनी तो रागावणार नाही.

डीकन दोन तऱ्हेचे. पहिल्या तऱ्हेचा म्हणजे धर्मगुरू होण्याच्या वाटेवरचा. चर्चच्या कायद्याप्रमाणे त्याचं वय किमान २३ असावं लागतं आणि डीकनची दीक्षा व धर्मगुरूची दीक्षा यांत किमान सहा महिन्यांचं अंतर लागतं. हे महिने बिशप त्याला बहुधा एखाद्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) काम करायला पाठवतात. दुसरा कायमचा डीकन. तो विवाहित असू शकतो. जुन्या काळची ही पद्धत पाश्चात्त्य चर्चमध्ये मागे पडली होती. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ती पुन्हा उघडली आणि पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये तिचे नियम घालून दिले. विवाहित पुरुषाला यासाठी वयाची ३५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि बायकोची संमती लागते. तिच्या होकाराशिवाय दीक्षा नाही. मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये, म्हणजे तिथल्या आर्चबिशपांच्या हद्दीत, असे संसारी डीकन आहेत. कोल्हापुरात मात्र गाठ पडण्याची शक्यता पहिल्या तऱ्हेच्या डीकनशीच जास्त.

म्हणजे समोर बसणारा माणूस बहुतेक तिशीच्या आतबाहेरचा, आणि वर्षभराच्या आत इथून जाणारा. इथेच बरेच जण मागे सरतात. ‘पोरसवदा आहे, तो मला काय सांगणार?’ प्रश्न रास्त आहे, पण अर्धा. सेमिनरीत प्रत्येकाला स्वतःचा आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. चर्चच्या कायद्यातच ती व्यवस्था आहे. म्हणजे हा तरुण कित्येक वर्षं दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसून आलेला आहे. आपलं मन दुसऱ्यासमोर उघडताना घशाला कशी कोरड पडते, हे त्याला ताजं आठवत असतं. प्रार्थना होत नाही, देव दूर वाटतो, धर्मजीवनाची हाक आहे की नुसता उत्साह आहे, असले प्रश्न असतील तर मी बिनदिक्कत तरुण डीकनकडे पाठवीन. प्रश्न वीस वर्षांच्या संसारातला असेल, घरकर्जाच्या ओझ्याखाली विझलेल्या श्रद्धेचा असेल, तर मात्र एखादी अनुभवी सिस्टर (चर्चमधली संन्यासिनी) किंवा मुंबईचा एखादा विवाहित डीकन व्हिडिओ कॉलवर जास्त उपयोगी पडेल.

मिस्सानंतर फादरांना गाठून सरळ विचारा: “फादर, आपल्याकडे सध्या डीकन आहेत का? आणि ते आध्यात्मिक मार्गदर्शन करतात का?” दुसरा प्रश्न गाळू नका. दीक्षा मिळाली म्हणजे हे काम आपोआप येतं असं नाही. ऐकण्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. डीकन नसतीलच तर अडून बसू नका. मार्गदर्शन हा बाप्तिस्म्यासारखा चर्चचा संस्कार नव्हे, त्यामुळे त्याला दीक्षेची अट नाही. शिकलेली सिस्टर किंवा प्रापंचिक व्यक्तीही ते करू शकते. चौदाव्या शतकातली इटलीतली सिएनाची संत कॅथरीन कुठल्याही दीक्षेविना मोठमोठ्यांना मार्गदर्शन करत होती.

कशासाठी जाताय?

पापनिवेदनासाठी (कन्फेशनसाठी) डीकनकडे जाऊन उपयोग नाही. त्याला पापक्षमा देता येत नाही, मिस्सा अर्पण करता येत नाही, आजाऱ्यांना तैलाभ्यंगाचा संस्कारही देता येत नाही. बाप्तिस्मा देणं, लग्नाला चर्चतर्फे साक्षी राहणं, अंत्यविधी चालवणं, आशीर्वाद देणं हे त्याला करता येतं. मुलाचा शाळेतला प्रवेश, नोकरीची शिफारस, भावकीतल्या जमिनीचा निकाल या कामांसाठीही तो नाही. हे सांगायची वेळ येऊ नये खरं तर, पण येते.

आणि जे खरंच गंभीर आहे ते वेगळं काढा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, तर आधी डॉक्टर. सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवता येतं, आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असताना मार्गदर्शन घ्यायला काहीच हरकत नसते. गोळ्यांऐवजी ते घेता येत नाही. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन. चांगला डीकन स्वतःच तुम्हाला तिकडे वळवतो.

मग उरतं काय? तुमच्या आयुष्यात देव काय करतोय, तुम्ही त्याला काय उत्तर देताय, हे दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने बोलून बघणं. तालमीतला वस्ताद हौद्याच्या काठावर उभा असतो. कुस्ती पैलवानालाच करायची असते, पण पाय कुठे सरकतोय ते काठावरून आधी दिसतं. डीकनची जागा तेवढीच. ‘लग्न करू का नको’ याचं उत्तर तो देणार नाही. ते उत्तर शोधताना तुम्ही कशाला घाबरताय, ते विचारील. येशूसंघ (जेझुइट) स्थापन करणाऱ्या लोयोलाच्या संत इग्नेशियसने मार्गदर्शकांना बजावून ठेवलंय की देव आणि माणूस यांचं थेट चाललेलं असताना मध्ये लुडबुड करायची नाही, तराजूच्या काट्यासारखं मध्यावर राहायचं. सल्ल्याची भूक लागलेल्या माणसाला हे पहिल्या भेटीत जड जातं.

निरोप कसा पाठवायचा

छोटा. व्हॉट्सॲपवर आयुष्याची कहाणी लिहू नका. एवढं पुरतं:

“नमस्कार डीकन. मी राजारामपुरीत राहते, रविवारी मिस्सानंतर आपली ओळख झाली होती. प्रार्थनेबद्दल आणि सध्या मनात चाललेल्या एका गोष्टीबद्दल काही महिने नियमित बोलावं, असं वाटतं. महिन्यातून एकदा, पाऊण तास. आपल्याला जमेल का? फादरांच्या कानावर घातलं आहे.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ही भेट कुणापासून लपवून होत नाही, हे त्यातून दोघांनाही कळतं. उत्तर यायला चार-पाच दिवस लागले तर पुन्हा पुन्हा निळ्या खुणा बघत बसू नका. धर्मग्रामात डीकन म्हणजे हक्काचा धावपळ्या. अंत्यविधीपासून युवा मंडळाच्या क्रिकेट सामन्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात येतं.

जागा आणि वेळ

चर्चच्या आवारातली बैठकीची खोली, दार उघडं किंवा काचेचं, किंवा आवारातला एखादा बाक. लोक दिसतील पण बोलणं ऐकू जाणार नाही, अशी जागा. बाई असो वा पुरुष, नियम एकच. भेट तुमच्या फ्लॅटवर नको, त्याच्या राहत्या खोलीत तर नाहीच. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या भेटी पालकांना सांगून, मोठं माणूस जवळपास असताना.

‘चालत चालत बोलू, रंकाळ्यावर जाऊ’ हा मोह होतो. माझा अनुभव विचाराल तर तिथे पाच मिनिटांत दोन ओळखीचे भेटतात, तिसरा भेळ खायला थांबवतो. कोल्हापूर एवढं मोठं नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी रात्रपाळीनंतरची सकाळ टाळावी. डोळे मिटत असताना मन उघडत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाकडचे रस्ते गच्च असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं की गावाकडून येणाऱ्यांचे रस्ते बंद होतात. त्या दिवसांत फोनवर भागवा. एरवी समोरासमोरच बरं.

फी नसते. पाकीट पुढे करून त्याला अवघडून टाकू नका. द्यावंसं वाटलंच तर चर्चच्या दानपेटीत टाका.

भाषेचं मात्र पहिल्याच दिवशी बोला. डीकन गोव्याचा, केरळचा, वसईचा, कुठलाही असू शकतो, आणि त्याची मराठी कधी कधी मिस्साच्या पुस्तकापुरतीच असते. तुम्ही इंग्रजीत हुशार असाल, पण आईच्या आठवणीने रडू कुठल्या भाषेत येतं? त्या भाषेत बोला. त्याला सगळे शब्द कळले नाहीत तर तो पुन्हा विचारील, आणि सोपं करून सांगताना पुष्कळदा आपलं आपल्यालाच कळतं.

जाण्याआधीचा आठवडा

रोज रात्री दहा मिनिटं दिवस मागे वळून बघा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठे हलकं वाटलं, कुठे आतून आक्रसल्यासारखं झालं. निवाडा करू नका, नुसतं टिपा. “मुकादम सगळ्यांसमोर बोलला, गप्प बसलो, दिवसभर तेच डोक्यात.” “बसमध्ये म्हातारीला जागा दिली, उगाच बरं वाटलं.” “जपमाळ हातात घेतली, दुसऱ्या टप्प्यावर झोप लागली.” अशा ओळी चालतात, ‘मला देवाच्या जवळ जायचंय’ असली मोठी वाक्यं बाजूला ठेवा, त्यांना धरून बोलायला काही सापडत नाही.

आठवड्यानंतर वही चाळली की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसते. तीच घेऊन जा. एकच. बाकीच्या पुढच्या महिन्यात.

पहिली भेट

एखादी छोटी प्रार्थना होईल किंवा नुसती मिनिटभर शांतता. मग तो विचारील, “काय घेऊन आलात?” किंवा “सध्या प्रार्थना कशी चाललीय?” खरं सांगा. ‘चाललीय बरी’ हे कोल्हापुरी उत्तर इथे कामाचं नाही.

संवाद साधारण असा होतो. तुम्ही म्हणता, “मिस्साला येतो, पण आत काही वाटत नाही.” तो म्हणतो, “कधीपासून?” तुम्ही म्हणता, “दीड वर्ष झालं. वडील गेल्यापासून.” आणि तुम्ही थांबता, कारण हे दोन धागे तुम्ही स्वतः कधी जोडले नव्हते. तोही थांबतो. ही शांतता भरून काढायची घाई करू नका. त्या पाऊण तासात एवढंच झालं तरी भेट पुरेपूर वसूल झाली.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप नावाच्या सेवकाची गोष्ट आहे. चर्च ज्या पहिल्या सात सेवकांकडे डीकनांचे पूर्वज म्हणून बघतं, त्यांतला हा एक. गाझाच्या वाटेवर इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो. फिलिप धावत जातो आणि विचारतो, वाचताय ते समजतंय का? अधिकारी म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? आणि त्याला रथात वर बोलावून घेतो. फिलिप त्याच्याच रथात बसतो, तो वाचत होता त्याच ओळीपासून बोलायला लागतो. भेटीला जाण्याआधी हा अध्याय एकदा वाचा. डीकनकडून काय अपेक्षा ठेवायची ते त्यात आहे.

उठण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: पुढची भेट कधी, तो इथे किती महिने आहे, आणि मधल्या काळात निरोप पाठवलेला चालेल का. मी म्हणेन, आधी तीनच भेटींचं ठरवा. तिसऱ्या भेटीनंतर दोघांपैकी कुणीही ‘इथे थांबू’ म्हणू शकतो. सूर जुळले नाहीत तर दोष कुणाचा नसतो, आणि आधीच ठरलेलं असलं की संकोचाने वर्षभर ओढत न्यावं लागत नाही.

बोललेलं कुठे जातं?

पापनिवेदनाचं गुपित धर्मगुरूला कुठल्याही कारणाने फोडता येत नाही. तो कायदा अभेद्य आहे. डीकनशी झालेलं बोलणं त्या गुपिताखाली येत नाही, कारण तिथे संस्कारच नसतो. तरीही ते विश्वासाने सांगितलेलं असतं. ते फादरांना, तुमच्या घरच्यांना, युवा मंडळात सांगणं हा विश्वासघात आहे, आणि माणसाच्या नावलौकिकाचं व खासगीपणाचं रक्षण चर्चच्या कायद्यातही सांगितलेलं आहे. लहान समाजात याला फार जपावं लागतं. इथे रविवारी झालेली गोष्ट बुधवारपर्यंत कसबा बावड्याला पोचलेली असते.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. डीकनलाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरीही तो गप्प बसणार नाही. पहिल्या भेटीत तो स्वतः हे सांगतो तर तो नीट शिकलेला आहे असं समजा.

पुढचे महिने

सुरुवातीला सगळं छान चालतं. दोन-तीन महिन्यांत कोरडेपणा येतो. वही बंद पडते, भेट पुढे ढकलावीशी वाटते, ‘आपल्याच्याने होणार नाही हे’ असं वाटायला लागतं. अशा वेळी इग्नेशियसचा एक नियम घट्ट धरा: उदासीच्या काळात आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. नोकरी सोडायची, ठरलेलं लग्न मोडायचं, मार्गदर्शन थांबवायचं, काहीही असो, ढग सरल्यावर बघू. त्याचाच दुसरा नियम त्याहून उपयोगी. जी गोष्ट डीकनला सांगायची नाही असं तुम्ही ठरवून टाकलंय, बहुधा तीच सांगायची असते. लपवलेलं आतल्या आत वाढतं. उघड्यावर आणलं की निम्मा जोर जातो.

उपवासकाळ (ईस्टरआधीचा) आणि आगमनकाळ (नाताळआधीचा) नव्याने सुरुवात करायला चांगले, पण त्याच दिवसांत डीकनला श्वास घ्यायला फुरसत नसते. भेट आधीच बांधून ठेवा.

इथे थांबा

‘देवाने मला तुमच्याबद्दल सांगितलंय’ म्हणून लग्नाचा, नोकरीचा निकाल देणारा. गोळ्या बंद करा म्हणणारा. घरच्यांशी संबंध तोडा म्हणणारा. पैसे उसने मागणारा. रात्री अकरानंतर काम नसताना मेसेज करणारा, ‘हे आपल्या दोघांतच ठेवा’ म्हणणारा. अंगाला नको तसा हात लावणारा. यांतलं एकही दिसलं तर पुढची भेट नाही. कारण सांगायलाही तुम्ही बांधील नाही. फादरांना सांगा, त्यांच्याकडून काही झालं नाही तर थेट बिशपांच्या कार्यालयाला लेखी कळवा. अत्याचाराच्या तक्रारी घेण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपांच्या हद्दीत) असली पाहिजे, असा आदेश पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये दिलेला आहे. गुन्हा असेल तर पोलीस ठाणं आधी, चर्च नंतर.

उलट बाजूही आहे. डीकन तरुण आहे, बाहेरगावचा आहे, एकटा आहे, म्हणून त्याला रोज डबा, रोज फोन, रोज ‘जेवलात का’ करू नका. सणाला तांबडा-पांढरा खायला घरी बोलवायचं असेल तर सगळ्या कुटुंबाने बोलवावं. मार्गदर्शन त्या ताटावर काढू नये.

तो जातो तेव्हा

धर्मगुरूच्या दीक्षेची तारीख ठरली की तीन-चार आठवडे आधी शेवटची भेट घ्या. तोपर्यंतच्या वहीतून काय पुढे न्यायचं, ते एका पानावर लिहा आणि पुढे कुणाकडे जावं हे त्यालाच विचारा. तुमचा स्वभाव आता त्याला माहीत असतो. त्याने नाव सुचवलं तरी तुमची हकीकत त्या नव्या माणसाला त्याने सांगायची नाही, ती तुम्ही सांगायची. त्याच्याकडेच सुरू ठेवायचं असेल तर नव्या धर्मग्रामात त्याचं बस्तान बसेपर्यंत दोन महिने जाऊ द्या, मग विचारा. आता तो फादर असेल, पापनिवेदनही ऐकू शकेल. दोन्ही एकाच माणसाकडे ठेवायचं की वेगवेगळ्या, हे तेव्हा त्याच्याशी बोलून ठरवा. मी वेगळं ठेवतो.